पाचशे किलो, तीस मिली

माणसाच्या अंगावरच्या एका किलोला आजवर मिळालेला सगळ्यात चढा भाव बहुधा उज्जैनला फुटला. फेब्रुवारी २०२२मध्ये नितीन गडकरींनी भर सभेत तिथले खासदार अनिल फिरोजिया यांना सांगून टाकलं, वजन उतरवा, उतरवलेल्या किलोमागे मतदारसंघाच्या विकासाला हजार कोटी. फिरोजिया तेव्हा १२७ किलोंचे होते. त्यांनी ते मनावर घेतलं आणि ऑक्टोबरपर्यंत ३२ किलो उतरवल्याचं जाहीर केलं. झाले ३२ हजार कोटी! मोठ्या आकड्यांचं गडकरींना वावडं नाही, हे आपण मराठी लोक जाणतोच. त्या दिवशी त्यांनी स्वतःचाही हिशेब मांडला : पूर्वी १३५, आता ९३. भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, २०११ साली, मुंबईत त्यांची वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली होती.

लठ्ठपणाची बातमी नेहमी अशी किलोत छापली जाते. आधी किती, नंतर किती, शेजारी दोन फोटो. वाचणाऱ्याचे डोळे विस्फारतात आणि पान उलटतं. ज्याच्या अंगावर हे वजन आहे, किंवा होतं, त्याचा दिवस मात्र किलोवर चालत नाही. त्याची मापं फार बारीक असतात.

समजा, झाशीच्या सीपरी बाजारात राहणारा एक कारकून आहे. पंचविसाव्या वर्षी ६५ किलो, पंचेचाळिसाव्या वर्षी १२५. वीस वर्षांत साठ किलो चढले. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, म्हणजे साठ किलोंच्या झाल्या ४ लाख ६२ हजार. आकडा दांडगा वाटतो. त्याला वीस वर्षांच्या ७,३०० दिवसांनी भागा, उत्तर येतं ६३. रोजच्या ६३ कॅलरी म्हणजे चार चमचे साखर, दोन कप चहातली. याच वीस वर्षांत, रोज अडीच हजार धरल्या तर, त्यानं एकंदर १ कोटी ८२ लाखांवर कॅलरी खाल्ल्या. त्यातल्या अडीच टक्क्यांचा हिशेब चुकला. हा हिशेब ढोबळ आहे, हे मान्य. जड शरीर जास्त जाळतं, त्यामुळे खाणंही हळूहळू वाढत गेलेलंच असतं. तरी ज्या माणसाला सगळे 'खादाड' म्हणून मोकळे होतात, तो दर शंभर घासांतले साडेसत्त्याण्णव घास बरोबर मोजून खात होता, हे या भागाकारातून निघतंच.

मग व्यायाम करावा, असं कुणीतरी म्हणणारच. झाशीत तर ते हमखास म्हटलं जातं. राणीच्या पहाटेच्या कसरतीचं वर्णन विष्णुभट गोडशांनी 'माझा प्रवास'मध्ये करून ठेवलंय आणि गावातल्या मराठी घरांना त्याचा रास्त अभिमान आहे. पण एक तास भराभर चालून जळतात साधारण तीनशे कॅलरी, म्हणजे एक मोठा समोसा. तासाभराचा घाम आणि पाच मिनिटांचा समोसा. व्यायामानं हृदय, साखर, झोप सगळं सुधारतं, तो सोडूच नये. साठ किलो उतरवायला मात्र त्याचे हात तोकडे पडतात.

आता पट जरा मोठा करू. २०११च्या जनगणनेत झाशी जिल्ह्याची लोकसंख्या होती १९ लाख ९८ हजार. दुष्काळ, स्थलांतर, कोरडे तलाव अशीच झाशीच्या बुंदेलखंडाची ओळख देशाला आहे. इथे लठ्ठपणाचं काय काम, असं वाटू शकतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची २०१९-२१ची फेरी उत्तर प्रदेशासाठी सांगते, की १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी १९ टक्के हडकुळ्या आणि २१.३ टक्के जास्त वजनाच्या. पुरुषांत १७.९ आणि १८.५. एकाच राज्यात, आणि पुष्कळदा एकाच घरात, दोन्ही टोकं जवळजवळ सारख्या मापात. अख्ख्या देशाचा आकडा २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं छापला. बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा, तीसच्या वर असलेली प्रौढ माणसं १९९० साली होती ३५ लाख, २०२२ साली ७ कोटी. बत्तीस वर्षांत वीसपट. त्यात बायका ४ कोटी ४० लाख.

बरं, हा बीएमआय आपल्याला नीट लागूही पडत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपले दोघांचेच फोटो छापले होते. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. दिसायला दोघंही बेताच्याच बांध्याचे. अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२! दुपटीहून जास्त. याज्ञिकांच्याच गटानं पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळं मोजली होती. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं स्नायूंनी आणि अवयवांनी लहान, पण कातडीखालची चरबी त्यांनी बरीचशी राखून ठेवलेली. खेड्यातल्या बारीक आईच्या पोटी जन्मलेलं पावणेतीन किलोंचंही नसलेलं बाळ आतून आधीच 'जाड' असतं. झाशीत हडकुळे आणि जाडे एकाच घरात का सापडतात, याचं थोडं उत्तर इथं आहे.

म्हणून आपल्यासाठी सगळ्या रेघा खाली ओढल्या गेल्या. २०२२च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार आशियाई माणसाला २७.५च्या बीएमआयपासून शस्त्रक्रियेचा पर्याय सुचवता येतो. पाच फूट पाच इंचांच्या माणसाला हे म्हणजे ७५ किलो. विमा कंपन्यांसाठी विमा नियामकानं घातलेली अट वेगळी आहे. ४० बीएमआय, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, आटोक्यात न येणारा मधुमेह, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार असं काहीतरी. त्याच माणसासाठी हे झालं १०९ किलो, किंवा आजारपणासकट ९५. डॉक्टरांची रेघ आणि विम्याची रेघ यांच्यात वीस ते चौतीस किलोंची मोकळी जागा आहे. त्या जागेत राहणाऱ्यांनी काय करायचं? थांबायचं, किंवा शेत विकायचं.

अंगावर वजन घेऊन जगण्याचे आकडे कुठल्याच पाहणीत येत नाहीत. ऑटोत तीन बसतात तिथे दोघांचं भाडं द्यायचं. लग्नात प्लॅस्टिकची खुर्ची दिसली की आधी तिचे पाय बघायचे. घरातला वजनकाटा १५० किलोंवर नुसता 'एरर' दाखवतो. दवाखान्यात तर निराळीच गंमत. रक्तदाब मोजायचा पट्टा नेहमीच्या मापाचा असतो आणि दंड मोठा असला की आकडा फुगतो. अमेरिकेतल्या एका अभ्यासात ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागायला हवा होता त्यांना नेहमीचा बांधला, तर वरचा आकडा सरासरी १९.५नं जास्त आला. १२५चा दाब १४४ दिसला की आयुष्यभराची गोळी सुरू व्हायला वेळ लागत नाही.

लोकांच्या हसण्याचा हिशेब तर सोडूनच द्या. पण एक हसू सगळ्या देशानं पाहिलं. २१ फेब्रुवारी २०१७, मुंबई महापालिकेचं मतदान. लेखिका शोभा डे यांनी एका अतिशय स्थूल पोलिसाचा फोटो टाकून मुंबईतल्या 'हेवी' बंदोबस्तावर कोटी केली. मुंबई पोलिसांनी लगेच कळवलं, की हा माणूस आमचा नाही. तो निघाला मध्य प्रदेश पोलिसातला निरीक्षक, नीमचचे दौलतराम जोगावत. वजन १८० किलो. आपलं वजन १९९३ सालच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर बिघडत गेलं, असं त्यांनी सांगितलं. पुढच्याच महिन्यात मुंबईच्या सैफी रुग्णालयात डॉ. मुफज्जल लकडावाला यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली आणि वर्षभरात साठच्या वर किलो उतरले. चेष्टेतून उपचार निघाला, म्हणून ही गोष्ट गोड करून सांगितली जाते. मला ती तशी वाटत नाही. चोवीस वर्षं माणूस वाढत्या वजनासकट नोकरी करत होता आणि देशाचं लक्ष गेलं ते कोटीमुळे.

त्या मतदानाच्या दहा दिवस आधी, ११ फेब्रुवारीला, त्याच रुग्णालयात आणि त्याच डॉक्टरांकडे इजिप्तहून इमान अहमद आली होती. वय ३६. वजन सुमारे ५०० किलो सांगितलं गेलं. पंचवीस वर्षं ती अलेक्झांड्रियातल्या घराबाहेर पडली नव्हती. मालवाहू विमान, खास खाट, क्रेन, तिच्यासाठी बांधलेली खोली. ७ मार्चला तिच्यावर जठर लहान करणारी 'स्लीव्ह' शस्त्रक्रिया झाली. वजन झपाट्यानं उतरलं, मग किती उतरलं यावरून बहीण आणि डॉक्टर यांच्यात जाहीर वाद झाला, मे महिन्यात तिला अबू धाबीला हलवलं आणि २५ सप्टेंबरला ती तिथे वारली. किलो शेकड्यांनी उतरले होते. हृदय, मूत्रपिंड आणि लहानपणापासूनचं आजारपण यांनी तो आकडा विचारात घेतला नाही.

आता ऑपरेशनच्या टेबलावरची मापं. जठरात पोटभर जेवल्यावर लिटर-दीड लिटर मावतं. स्लीव्ह शस्त्रक्रियेत तोंडावाटे साधारण १२ मिलिमीटर जाडीची नळी आत सोडतात, तिच्या कडेकडेनं स्टेपलर चालवतात आणि जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून बाहेर काढतात. उरते शंभर-दीडशे मिलीची पिशवी. जठराच्या बायपास शस्त्रक्रियेत तर वरची पिशवी तीसेक मिलीचीच. पोटावर चार-पाच लहान भोकं, वेळ तास-दोन तास. धोका? अमेरिकेतल्या ४,७७६ रुग्णांच्या नोंदीत तीस दिवसांत दगावले ०.३ टक्के, हजारात तीन. थोडे आहेत, पण ज्या घरातला तो असेल त्याला टक्केवारीचा उपयोग नाही.

नुसती पिशवी लहान झाली म्हणून वजन उतरतं, असंही नाही. भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारं घ्रेलिन मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. शस्त्रक्रियेशिवाय, खाणं तोडून आणि घाम गाळून वजन उतरवणाऱ्याचं उलट होतं. अमेरिकेतल्या 'द बिगेस्ट लूझर' कार्यक्रमातल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा मोजलं, तर त्यांचं शरीर बसल्या जागी रोज अपेक्षेपेक्षा पाचशे कॅलरी कमी जाळत होतं. सहा वर्षांनीही! वर आपण ६३ कॅलरींचा हिशेब केला होता. इथे शरीर रोज त्याच्या आठपट वसुली करतंय.

आणि पेशी? हा माझा सगळ्यात आवडता आकडा. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत कर्स्टी स्पॉल्डिंग आणि सहकाऱ्यांनी चरबीच्या पेशींचं वय अणुबॉम्बवरून काढलं. १९६३पर्यंतच्या उघड्यावरच्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ वाढवला होता. तो झाडांत शिरला, झाडांतून ताटात आणि ताटातून आपल्या डीएनएत. पेशीतल्या कार्बन-१४चं प्रमाण पाहिलं की ती कोणत्या साली जन्मली ते कळतं. २००८ साली त्यांनी दाखवलं, की मोठ्या माणसातल्या चरबीच्या पेशींपैकी दर वर्षी दहाएक टक्के मरतात आणि तितक्याच नव्या येतात. संख्या तरुणपणीच ठरून जाते. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी मोजलं तरी संख्या तीच. पेशी फक्त रिकाम्या झालेल्या, भरायची वाट बघत. चाळीस किलो उतरवलेल्या माणसाच्या अंगात हजारो कोटी रिकाम्या खोल्या शाबूत असतात. वजन पुन्हा चढलं की 'मनावर ताबा नाही' म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा वाचावा.

ऑपरेशननंतर घरी आल्यावर सुरू होतं तीस मिलीचं राज्य. खोकल्याच्या औषधाचं दहा मिलीचं टोपण तीनदा भरलं की झाले तीस मिली. पहिल्या दिवसांत इतकंच पाणी, तेही पंधरा मिनिटांत, घोट घोट. तासाला १२० मिली. दिवसाचं दीड लिटर पुरं करायला साडेबारा तास लागतात. माणूस दिवसभर पाणीच पीत बसलेला असतो. बायपास झालेल्यानं गोड पटकन खाल्लं तर घाम, धडधड, जुलाब. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागतात, हातात पुंजके येतात. ते बहुतेकांचे परत येतात, पण हे आधी सांगितलेलं नसेल तर बाई खचते.

मग येतं लग्न. झाशीतल्या मराठी घरातली पंगत म्हणजे दुहेरी आग्रह. आतून आत्याबाई म्हणतात, "अगं, निदान पुरणपोळी तरी घे, तुपाशिवाय घे हवं तर," आणि बाहेरून शेजारची बुंदेली काकी म्हणते, "बहू, कछू तो खाओ!" ऑपरेशन झालेल्या या बहूच्या पोटात जागा आहे अर्ध्या वाटीची. तिला दिवसाला साठ ग्रॅम प्रथिनं हवीत. एका वाटी वरणात सहा-सात ग्रॅम. म्हणजे नऊ वाट्या वरण. अंडं खाणारी असती तर दहा अंडी. पनीर शंभर ग्रॅमला अठराच्या आसपास. शाकाहारी घरात हे गणित भाताच्या मुदीनं सुटत नाही, म्हणून ती पंगतीत आधी पनीर उचलते, भात टाळते, पाणी जेवणानंतर अर्ध्या तासानं पिते, आणि सगळ्यांना वाटतं, हिची तब्येत अजून बरी नाही.

जीवनसत्त्वांची मापं याहून बारीक, आणि घात तिथेच होतो. बी-१ चा शरीरातला साठा पंचवीस-तीस मिलिग्रॅमचा, दोन-तीन आठवडे पुरणारा. ऑपरेशननंतर सतत उलट्या होत असतील तर तो संपतो आणि मेंदूवर परिणाम होऊ शकतो. 'पित्त झालं असेल' म्हणून आठवडाभर लिंबू सरबत देत बसायची ही गोष्ट नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. बी-१२चं उलट. यकृतात दोन ते पाच मिलिग्रॅम शिल्लक असतात आणि रोज खर्च होतो तो दोन-अडीच मायक्रोग्रॅम. म्हणजे शिल्लक दोन ते पाच वर्षं पुरते. गोळ्या सोडलेल्याला वर्षभर काहीच जाणवत नाही, दुसऱ्या वर्षी तो म्हणतो 'बघा, काही लागत नाही', आणि तिसऱ्या वर्षी तळपायांना मुंग्या येतात. ही शिल्लक मुळात भरलेली असेल तर. याज्ञिकांनी पुण्यात आणि आसपास मध्यमवयीन ४४१ पुरुष तपासले, तेव्हा दोनतृतीयांश लोकांत बी-१२ कमीच निघालं होतं, कुठलंही ऑपरेशन न होता.

कॅल्शियम तीन वेळा, लोह त्यापासून दोन तास लांब, मल्टिव्हिटॅमिन, बी-१२. दिवसाला सहा गोळ्या धरल्या तर वर्षाला २,१९० आणि तीस वर्षांत ६५,७००. ऑपरेशनच्या दोन तासांची किंमत सगळे विचारतात. या पासष्ट हजारांची कुणी विचारत नाही. झाशीहून दिल्ली चारशे किलोमीटर, मुंबई अकराशेच्या वर. मुंबईत ऑपरेशन करून पहिल्या वर्षीच्या चार तपासण्यांना जायचं ठरवलं तर रेल्वेनं नऊ हजार किलोमीटर होतात. दुसऱ्या वर्षी माणूस जात नाही, हे वेगळं सांगायला नको. खरं तर बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व यांचं रक्त गावात देता येतं. राणीच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय झाशीत १९६८पासून आहे. रिपोर्ट फोनवर मुंबईच्या डॉक्टरांना पाठवायला तिकीट लागत नाही.

मिळतं काय, हेही त्याच मापात सांगायला हवं. गुडघ्याच्या अभ्यासातला एक प्रसिद्ध निष्कर्ष आहे : अंगावरचा एक किलो उतरला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो. आपल्या कारकुनाचे चाळीस किलो उतरले, तर पावलाला १६० किलो. दिवसाला पाच हजार पावलं धरा. दोन्ही गुडघ्यांवरचे मिळून रोज ८०० टन वाचले. झाशी रेल्वेचं गाव आहे, तेव्हा इथल्या भाषेत सांगायचं तर डब्ल्यूएपी-७ जातीचं विजेचं एक इंजिन १२३ टनांचं. रोज साडेसहा इंजिनं गुडघ्यांवरून उतरतात.

टिकतं किती? याचं सगळ्यात लांबचं उत्तर स्वीडननं दिलंय. तिथे १९८७ साली सुरू झालेल्या अभ्यासात २,०१० जणांवर शस्त्रक्रिया झाली आणि २,०३७ जणांवर नेहमीचे उपचार. बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्क्यांनी उतरलं, पंधरा वर्षांनी ते २७ टक्क्यांवर होतं. सवाशे किलोंच्या माणसाला हे म्हणजे आधी चाळीस किलो उतरले आणि त्यातले सहा परत आले. घरात बोलणी बसतात ती या सहा किलोंवरून. 'एवढे लाख घातले आणि पुन्हा सुटली' वगैरे. चौतीस किलो पंधरा वर्षं गेलेलेच आहेत, हे कुणाच्या तोंडून निघत नाही. आयुष्याचा आकडा २०२० साली आला. शस्त्रक्रिया झालेले लोक, न झालेल्या लठ्ठ लोकांपेक्षा, सरासरी तीन वर्षं जास्त जगले. सर्वसाधारण माणसांपेक्षा मात्र साडेपाच वर्षं कमीच. टेबलावर आले तेव्हा त्यांचं सरासरी वय सत्तेचाळीस होतं.